घाम आणि घास

सकाळी आठच्या सुमारास कुठल्याही शहरातल्या बागेबाहेर उभे राहा. आत फेऱ्या मारून आलेली मंडळी बाहेरच्या गाडीवर पोहे, इडली नाहीतर वडापाव घेताना दिसतील. कुणी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणतो, ‘आज साडेतीनशे कॅलरी जाळल्या, एक प्लेट चालेल!’ शेजारचा मात्र डब्यातली काकडी खात असतो. त्याचे म्हणणे असे, की जाळलेले पुन्हा खायचेच होते तर चाललो कशाला? वजन उतरवायला निघालेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. व्यायामात खर्च झालेली शक्ती परत खावी की खाऊ नये?

मंडळी, हा प्रश्न आपल्याला त्या मनगटी घड्याळाइतकाच नवा वाटतो. पण श्रमात किती जळते आणि त्याच्या बदल्यात किती अन्न द्यावे, हा हिशेब जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. आणि सुरुवातीची बरीच वर्षे तो खाणाऱ्याने स्वतःसाठी मांडलेला नव्हता. पोटभर जेवलेल्या माणसांनी तो उपाशी माणसांसाठी मांडला होता.

व्यायामशाळेतल्या चालत्या पट्ट्याला आपण ट्रेडमिल म्हणतो. हे नाव आले आहे तुरुंगातून. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८१८ मध्ये कैद्यांसाठी एक मोठे फिरते चक्र तयार केले. त्याच्या पायऱ्या कैद्यांनी तासन् तास चढत राहायच्या. वर मात्र कधीच पोचायचे नाही. त्या चक्रावर कुठे धान्य दळले जाई, कुठे पाणी उपसले जाई आणि कुठे काहीच होत नसे. १८५० च्या दशकात एडवर्ड स्मिथ हा डॉक्टर लंडनच्या तुरुंगातल्या अशाच चक्रावर स्वतः चढला आणि तोंडावर मुखवटा बांधून त्याने आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. विश्रांतीपेक्षा तो कितीतरी पटींनी वाढलेला आढळला. श्रमाचा विचार सोडून आहार ठरवता येत नाही, ही गोष्ट तेव्हापासून आकड्यांत दिसू लागली होती.

आकडे दिसले म्हणून ते सरकारला पटतातच असे नाही. त्याचा पुरावा आपल्याच दख्खनच्या मातीत आहे.

१८७६ मध्ये पाऊस गेला. सोलापूर, नगर, सातारा, पुणे, खाली विजापूर-धारवाडपर्यंत पिके करपली. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, माती वाहणे, तलाव आणि कालवे खोदणे अशी ती कामे होती. दौंड-मनमाड रेल्वेचे भरावही याच कामांतून पडले आणि १८७८ मध्ये त्या मार्गावरून गाडी धावू लागली. आज त्या गाडीने जाताना खिडकीतून दिसणारा भराव कुणाच्या पाट्यांनी उभा राहिला, हे आपल्या मनात सहसा येत नाही.

या मजुरांना किती द्यायचे? व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांत पाठवले. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य आणल्याबद्दल टेंपलसाहेबांवर उधळपट्टीचा ठपका आला होता. या खेपेस त्यांनी हात आखडता घेतला. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रत्तल, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य मिळेल एवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. बाईला आणि मुलाला त्याहून कमी. इतिहासात याला ‘टेंपल मजुरी’ असेच नाव पडले आहे. आजच्या कोष्टकाने ज्वारीच्या शंभर ग्रॅमच्या ३४० कॅलरी धरल्या, तर एक रत्तल ज्वारी दीड हजारांच्या थोडी वर जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाची गरज ३,४७० कॅलरी दिली आहे. आजच्या मापाचा माणूस त्या काळच्या मजुरापेक्षा वजनदार धरला, तरी दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही.

मुंबई इलाख्यातही त्याच महिन्यात मजुरी कमी झाली. तेव्हा दख्खनच्या दुष्काळी कामांवरून हजारो माणसांनी हत्यारे खाली ठेवली आणि ती उठून चालती झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, या सभेचे आधारस्तंभ होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्ज धाडले. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनीही सरळ विरोध केला. नुसता जीव धरून राहायला लागणारे अन्न वेगळे आणि राबायला लागणारे अन्न वेगळे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मद्रासेत काही महिन्यांनी मजुरी वाढवावी लागली. पण त्या दोन-तीन वर्षांत ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांवर माणसे दगावली, असा अंदाज आहे. कॅलरी हा शब्द त्या मजुरांनी ऐकलेला नव्हता. मात्र खर्चापेक्षा जमा कमी पडते आहे, हे त्यांना आपल्या हाडांवरून कळत होते.

यानंतर हिशेब प्रयोगशाळेत गेला. अमेरिकेत मिडलटाउन येथे विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माणूस मावेल अशी एक बंद खोली तयार केली. सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद. माणूस तिच्यात दिवसचे दिवस राही. आत खाई, झोपे, व्यायामाची सायकल चालवी, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेर मोजली जाई. आत गेलेले अन्न आणि बाहेर पडलेली शक्ती यांचा मेळ बसतो, हे ॲटवॉटरने दाखवले. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे आहारातली एक कॅलरी. एक ग्रॅम पिठूळ पदार्थाच्या किंवा प्रथिनाच्या चार आणि चरबीच्या नऊ, हे पुड्यावर छापून येणारे गणित त्याच्याच कामातून आले.

१९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी हेच गणित सडपातळ होऊ पाहणाऱ्या वाचकांच्या हाती दिले. त्यांचे पुस्तक धडाक्याने खपले. मजुराला कमीत कमी किती पुरेल हे पाहणारी फूटपट्टी आता खाणाऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. काम उलटे झाले, पण फूटपट्टीतले दोष तिच्याबरोबरच आले.

पहिला दोष असा, की शरीर म्हणजे गल्ला नव्हे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले, अंगाला थंडी वाजू लागली, मन कशात लागेना, रात्रंदिवस अन्नाचाच विचार. शरीराने आपला खर्च आवळून धरला होता. आता हा आकडा टेंपल मजुरीच्या रत्तलभर ज्वारीशेजारी ठेवून पाहा. मिनेसोटाच्या तरुणांना निदान खडी फोडायची नव्हती.

दुसरी गोष्ट बंगालमधली. कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणीत ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २१३ पुरुषांचे खाणे, वजन आणि काम यांची पाहणी केली. ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. हलक्या कामापासून हमालापर्यंत जसजसे काम वाढत गेले तसतसे खाणेही वाढलेले होते आणि वजन मात्र फारसे बदललेले नव्हते. म्हणजे राबणारा माणूस कुठलाही तक्ता न पाहता आपले जळलेले परत खात होता. उलट दिवसभर बसून काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त भरत होते. ही एकाच ठिकाणची, एका वेळची पाहणी आहे, त्यामुळे तिच्यावर सगळा इमला उभारता येणार नाही. पण बैठ्या माणसाची भूक त्याला अचूक हिशेब सांगत नाही, ही शंका तिने पेरली.

अलीकडे या शंकेला बळ मिळाले आहे. खास खुणेचे अणू असलेले पाणी पाजून माणसाचा दिवसभराचा एकूण खर्च मोजता येतो. अशा १,७५४ प्रौढांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला. हालचालीत जादा शंभर कॅलरी जाळल्या, तर दिवसाच्या एकूण खर्चात सरासरी बहात्तरच वाढतात. उरलेल्या शरीर दुसरीकडे काटकसर करून वाचवते. ज्यांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांच्यात ही कपात अधिक दिसली.

आता आपल्या बागेतल्या माणसाचा हिशेब करू. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीने अर्धा तास चालला, तर सुमारे १२० कॅलरी जातात. पण तो घरी खुर्चीत बसला असता, तरी त्यातल्या पस्तीसेक गेल्याच असत्या. उरल्या पंचाऐंशी. त्यातून शरीराची कपात वजा केली की हातात साठ-एक पडतात. एक वडापाव अडीचशे-तीनशेच्या घरात जातो. शिवाय घड्याळ सांगते ते खरेच असते असेही नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सात मनगटी यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

मग करायचे काय? ज्याचे काम बैठे आहे आणि जो सकाळी अर्धा-पाऊण तास फिरून येतो, त्याने फिरण्याच्या नावाने वेगळे खाऊ नये. आहारतज्ज्ञाने दिलेल्या रोजच्या आकड्यात पुष्कळदा हे फिरणे धरलेलेच असते. ते पुन्हा खाल्ले तर दुबार जमा होते. जो तासा-दीड तासावर पळतो, पोहतो, डोंगर चढतो, त्याने मात्र काही भाग परत खावा. यंत्र सांगते त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवडे वजन, झोप आणि उत्साह पाहून कमीजास्त करावे. खर्च वाढवून ताट कमी करत गेलेल्या खेळाडूंची हाडे ठिसूळ होतात, मुलींची पाळी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याकडे मुद्दाम लक्ष वेधले. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर व्यायाम आणि जेवण यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा, कारण तिथे साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

मराठीत ‘हातावर पोट असणे’ असा एक वाक्प्रचार आहे. ज्यांचे पोट हातावर आहे, त्या ऊसतोड करणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या माणसांना ‘जाळलेले परत खावे का’ असे विचारणेच बरे नव्हे. त्यांना ते पुरेपूर परत मिळाले पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यासाठी आपल्या भागातल्या माणसांनी १८७७ मध्ये उपाशीपोटी काम सोडले होते. कमी खायचे की जास्त, हे ठरवायची मोकळीक त्यांना नव्हती. आपल्याला ती आहे. बागेबाहेरच्या गाडीसमोर उभे राहून मनगटाकडे पाहताना एवढी जाण असली, तरी ताटात किती वाढून घ्यावे याचा अंदाज पुष्कळसा बरोबर येईल.

(रेडिओवरील भाषण, संपादित)