एकतीस डिसेंबरला अडकलेला लूप

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे ‘झून’ हे म्युझिक प्लेयर एकाएकी बंद पडले. चालू केले की बोधचिन्ह यायचे आणि पडदा तिथेच थिजायचा. नंतर आलेली ८० आणि १२० जीबीची मॉडेल्स मात्र सुरळीत चालू होती. दोष शोधताना पहिला धागा हाच: फक्त एकच मॉडेल आणि फक्त एकच दिवस.

भिलाईत ‘प्रॉडक्शन’ म्हटले की पोलाद कारखानाच डोळ्यांपुढे येतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ग्राहकाच्या खिशातले यंत्र हेही प्रॉडक्शनच. तिथे डीबगर जोडता येत नाही. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला तात्पुरता उपाय असा होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर यंत्र पुन्हा चालू करा. हसू येईल, पण उपाय लागू पडला. का, ते पाहू.

या मॉडेलमधल्या घड्याळाच्या चिपचा ड्रायव्हर फ्रीस्केल कंपनीचा होता. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरून तो दिवस मोजत असे आणि त्यावरून वर्ष काढत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत लूप फिरायचा. साधे वर्ष असेल तर ३६५ वजा करायचे. लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच ३६६ वजा करायचे.

आता वही घ्या. ३१ डिसेंबर २००८ हा १०,५९३ वा दिवस. वजाबाक्या करत २००८ पर्यंत या. उरतात बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून लूप सुटत नाही; ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाबाकी होत नाही. काहीच बदलत नाही आणि लूप फिरतच राहतो. यंत्र सुरू होतानाच तारीख विचारली जात असल्यामुळे पुढचे सगळेच अडले. दुसऱ्या दिवशी ३६७ झाले, वजाबाकी झाली, १ उरला, वर्ष २००९.

विद्यार्थी इथे चटकन सुचवतात, ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘जास्त किंवा समान’ लिहा. करून पाहा. लूप सुटतो, पण दिवस उरतो शून्य आणि वर्ष २००९. माझ्या मते हा दोष मूळ दोषापेक्षा वाईट, कारण थिजलेला पडदा निदान दिसतो. चुकीची तारीख गुपचूप फाइलींत जाऊन बसते. योग्य दुरुस्ती म्हणजे लीप वर्षात ३६६ किंवा कमी दिवस उरले की लूपमधून बाहेर पडणे.

हे मॉडेल नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आले, म्हणजे लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्याच्या वाट्याला प्रथमच आला. चाचणीसाठी मात्र २००८ ची वाट पाहावी लागली नसती. १९८० हेही लीप वर्षच. फंक्शनला नुसता ३६६ हा आकडा दिला असता, तर पहिल्याच फेरीत ते अडकले असते.