सायकल कुणाची? आधी आटे मोजा

जुनी सायकल इतिहासाचं साधन म्हणून वापरायची, तर पहिली अडचण अशी की तिच्यातलं जवळपास सगळं बदललेलं असतं. टायर, छर्रे, फ्रीव्हील, लोखंडी रिमच्या जागी ॲल्युमिनियमची (पावसात ब्रेक लागावा म्हणून). मग आपण नेमकी कुठल्या काळातली सायकल बघतोय?

पण या दुरुस्त्यांना भेसळ समजून बाजूला सारू नका. कुठला भाग बदलता आला आणि कुठला नाही, यातूनच उद्योगाचा इतिहास कळतो.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. बर्मिंगहॅमची बीएसए मुळात बंदुकांची कंपनी. कुठलाही भाग कुठेही बसावा, ही तिची जुनी शिस्त. ती इतर कारखानदारांनाही सायकलचे सुटे भाग विकायची. पायडलचा आस ज्या वाट्यांमध्ये फिरतो, त्यांचं रूढ माप झालं व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेचं मात्र १.३७५ इंच आणि २६ आटे! डोळ्यांना फरक दिसतच नाही. बाजारातली वाटी दोन फेरे छान जाते आणि मग जाम. जोर लावला की फ्रेमचे आटे गेलेच. म्हणून रॅले दुरुस्त करणारे बरेचदा मूळ वाट्या ठेवून फक्त आस बदलतात. उलट २४ आट्यांच्या एखाद्या स्वस्त, अनोळखी सायकलीत आजचं बंद बेअरिंगचं चांगलं बॉटम बहुधा सरळ बसतं. नावाजलेली सायकल स्वतःच्या मापात अडकली आणि स्वस्तातली सुधारत गेली.

गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं, असा रॅलेचा हिशोब असेल का? मला तसं वाटतं. पण हा तर्क झाला. प्रबंधात मांडायचा तर कंपनीचे कागद हवेत.

बिल्ल्यावर तर मुळीच विसंबू नका. १९५७ मध्ये रॅलेने बीएसएचा सायकल विभागच विकत घेतला. शिवाय आपल्याला आठवते ती बीएसए एसएलआर मद्रासच्या टीआय सायकल्सची, म्हणजे तिसराच कारखाना.

तेव्हा फील्डवर्कला जाताना आटे मोजायची पट्टी जवळ ठेवा. वहीत 'रॅले, जुनी' एवढंच न लिहिता प्रत्येक भागाला वेगळी ओळ द्या: माप, शिक्का, पान्ह्याचे ओरखडे. त्यासाठी मालकाची सायकल खोलत बसू नका. डाव्या बाजूच्या लॉकरिंगबाहेर डोकावणारे आटे बहुतेक वेळा मोजता येतात.