बांधीतली लाखोरी

आमच्या अर्जुनी मोरगावकडे भारी धान बांधीत उभा असतो, चिखलाची ओल टिकून असते, तेव्हाच त्यात लाखोरी फेकतात. नांगरणी नाही, खत नाही, ओलीत नाही. धान कापला की त्याच ओलीवर ही उतेऱ्याची लाखोरी वाढते आणि बांधी निळ्या फुलांनी भरते. कोवळ्या शेंड्यांची भाजी, डाळीचे वडे यांच्यावाचून आमचा हिवाळा सरत नाही.

या डाळीने माणसं पांगळी केली, हेही खरंच आहे. 1830 च्या दशकात सागर भागात गहू बुडाला, लोक महिनोन्‌महिने लाखोरीवर जगले आणि धडधाकट तरुणांचे पाय गेले. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ते लिहून ठेवलं आहे. टाच जमिनीला टेकत नाही, चालताना पायात पाय अडकतो. गेलेली चाल परत येत नाही.

असं का होतं, याचा धागा 1964 मध्ये हाती लागला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी या दाण्यातून ओडीएपी हे अमिनो आम्ल वेगळं केलं. राव पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही याच रेणूच्या मागे राहिले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो बराचसा ग्लुटामेटच्या हाती. ओडीएपीची घडण त्याच्यासारखीच, म्हणून ग्लुटामेटच्या कुलपाला ही बनावट किल्ली लागते. पेशीला उसंत मिळत नाही. उत्तेजित होऊन होऊन ती मरते. पेशींचा संवाद असा बिघडतो, हे जगाला दाखवणाऱ्या पदार्थांत आमच्या बांधीतला हा दाणाही आहे, याचा मला अभिमान वाटतो.

लाखोरीच्या विक्रीवर बंदी मात्र त्याआधीच, 1961 मध्ये आली. पीक बांधीतून गेलं नाही, शेतकऱ्याचा भाव तेवढा गेला. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. माझ्या मते खरा गुन्हेगार दुष्काळ होता. ताटात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून डाळ विष झाली.

तरी जपून खा. डाळ भरपूर पाण्यात भिजवा, उकळा, ते पाणी फेकून द्या आणि रोज एकट्या लाखोरीवर पोट भरू नका. बियाणं घेताना ‘रतन’ किंवा रायपूरच्या कृषी विद्यापीठाचं ‘महातिवडा’ मागा. त्यांत ओडीएपी कमी असतं.