२१ एप्रिल १९५४ : भयकॉमिक्स सिनेटसमोर
बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे कॉमिक्सविषयीच्या सुनावणीस या दिवशी प्रारंभ केला आणि मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्यापाठोपाठ ‘ईसी’ कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या, १० सेंटांत मिळणाऱ्या त्यांच्या अंकांत ‘क्रिप्टकीपर’, म्हणजे तळघरातील थडग्यांचा राखणदार, हा निवेदक प्रेतांवर शाब्दिक कोट्या करीत कुमारवयीन वाचकांना गोष्ट सांगे, त्यामुळे त्यांत भीतीइतकेच हसूही अभिप्रेत होते. हा खट्याळपणा उपसमितीने फारसा विचारात घेतला नाही, असेच म्हणावे लागते. कुऱ्हाड आणि स्त्रीचे छिन्न मस्तक दाखविणारे मुखपृष्ठ सिनेटर एस्टेस केफॉवर यांनी पुढे करताच, भयकॉमिक्सच्या मानाने ते सुरुचीला धरून आहे, अशा आशयाचे उत्तर गेन्स यांनी दिले आणि तेच पुढे गाजत राहिले. त्याच वर्षी प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ ही स्वनियंत्रणाची आचारसंहिता स्वीकारून शीर्षकांतील ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ या शब्दांवरही बंदी घातली. गेन्स यांच्या भयमालिका बंद पडल्या. विनोदी ‘मॅड’ मात्र १९५५मध्ये कॉमिकचे रूप टाकून मॅगझिनच्या आकारात निघू लागल्याने संहितेच्या कक्षेबाहेर राहिले.