मोटारगाडीची पाणीगळती

पावसाचे, गाडी धुण्याचे किंवा रस्त्यावरून उडालेले पाणी पत्र्याचे सांधे, काचा, दरवाजे, दिवे आणि तळाची भोके यांतून गाडीच्या आत शिरणे म्हणजे पाणीगळती. रेडिएटर, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल यांची गळती या नोंदीत येत नाही.

सांगली जिल्ह्यात कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या वाळवा तालुक्याचे ठिकाण असलेल्या ईश्वरपुरात (पूर्वीचे इस्लामपूर) ही तक्रार मृगाच्या सरींबरोबर गॅरेजात येऊ लागते. गावात पाऊस बेताचा असला तरी शिराळा, चांदोली किंवा आंबा घाटाकडे गाडी नेली की दिवसदिवस झड अंगावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात कडक झालेले रबर आणि तुंबलेली भोके तिथे उघडी पडतात. गळतीला या भागात आणखी एक कारण आहे. उसाचे पाचट पेटवले की काजळी उडते, काळ्या रानाची धूळ वर्षभर असतेच, आणि सावलीसाठी गाडी झाडाखाली लावली की पाला पडतो. बॉनेटच्या मागे, वायपरखालच्या जाळीत या तिन्हींचा काळा चिखल बसतो आणि वाळला की घट्ट होतो. मग काचेवरून आलेले पाणी बाजूच्या नळीतून खाली न जाता तुंबते आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरते. ही जाळी काढून साफ करायला अर्धा तास पुरतो. तरीही बहुतेक गाड्यांत ती वर्षानुवर्षे कोणी काढलेली नसते.

कौलारू घर ज्याने शाकारले आहे त्याला गळती शोधण्याचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. कौल फुटते एका जागी, पाणी वाशावरून वाहत जाते आणि ठिबकते भलत्याच खोलीत. गाडीतही तसेच घडते. टपावरच्या सांध्यातून शिरलेले पाणी खांबाच्या आतून उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरते. मागच्या दिव्याच्या पॅकिंगमधून आलेले पाणी डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात साठते. उतारावर गाडी लावली की ओलीची जागाही बदलते. म्हणून ओल दिसली तिथे लेप थापणे व्यर्थ आहे.

पाणी मारून पाहण्याआधी ओल कधी येते हे नीट विचारावे. वैशाखात पाऊस नसताना शेजारच्या सीटच्या पायाखाली ओल आली, तर बहुधा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते. दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटे चालवूनही गाडीखाली थेंब पडत नसेल, तर संशय पक्का होतो. ओल चिकट आणि रंगीत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर ते हीटरमधले कूलंट असते. ब्रेक मारल्यावर टपावरच्या दिव्यातून पाणी सांडले, तर सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या किंवा अँटेनाचे बूड पाहावे.

दरवाजाविषयी गैरसमज फार आहे. काचेच्या बाहेरच्या बिडिंगमधून थोडे पाणी दरवाजाच्या पोटात जाणारच, तशी रचनाच असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावे आणि आतल्या पॅडवर येऊ नये, यासाठी पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा काचेची मोटर बसवताना हा कागद फाडतात, नाहीतर परत नीट चिकटवत नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात कार्पेट भिजते. दरवाजा हलवल्यावर आत पाणी खळखळले, तर भोके मातीने बुजली आहेत असे समजावे. कडेच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने होते. दरवाजात पट्टी धरून तो लावायचा आणि ती ओढायची. जिथे ती सहज सुटते तिथे रबर दबलेले असते किंवा दरवाजा उतरलेला असतो.

खरी चाचणी पाण्याच्या नळीने करतात. त्याआधी कार्पेट आणि पॅड काढून आतला पत्रा कोरडा पुसून घेतात. एक जण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून साध्या धारेचे पाणी सोडतो. आधी खालचे सांधे, मग दरवाजे, मग काच आणि शेवटी टप, असा क्रम ठेवून प्रत्येक जागी काही मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि कशातून शिरले ते कळत नाही. "आलं का रं?" "न्हाई अजून." असे चार-पाच वेळा झाल्यावर आतल्या पत्र्यावर केसाएवढी चमकती रेघ उतरते. तिच्या मागोमाग बोट वर नेत गेले की भोक सापडते. सांध्यावर आतून टाल्कम पावडर फासली तर वाट आणखी स्पष्ट उमटते. दुसरी रीत हवेची आहे. काचा बंद करून बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर पूर्ण सोडायचा आणि बाहेरून सांध्यांना साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे येतील तिथे फट आहे. मागच्या बंपरआड हवा बाहेर जाण्याच्या झडपा मुळातच असतात, त्यांतून येणारी हवा गळतीत धरू नये.

दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. नळ्या मऊ नायलॉनच्या तारेने मोकळ्या कराव्यात, कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने त्यांचे आतले जोड निसटतात. पेठ नाक्यावर महामार्गाला लागल्यावर खडी उडून फुटलेली पुढची काच बदलताना चौकटीचा गंज खरवडून, प्रायमर मारून मगच पॉलियुरेथेन लावावे आणि ते बसेपर्यंत गाडी हलवू नये. पत्र्याच्या सांध्याला सीम सीलर वापरतात, तळाचे बूच गेले असेल तर नवे बसवतात. बाजारातले व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला लावूच नये. त्यातल्या आम्लाने गंज धरतो, त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या मिस्त्रीला ते खरवडून काढावे लागते.

पुराचे पाणी हा वेगळा प्रकार आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दरवाजाचे रबर वाहते पाणी परतवण्यासाठी असते, साठलेल्या पाण्याचा दाब ते सहन करू शकत नाही. पुरात बुडालेली गाडी रबर बदलून सुधारत नाही. या भागात जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे, तसेच सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि स्टेपनीखालचा गाळही तपासावा. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरतात, झिजलेल्या रबराचा खर्च मात्र मालकाचाच असतो.

गळती बंद झाली तरी काम संपत नाही. कार्पेट वरून कोरडे लागते, पण त्याखालचा नमदा आणि फोम पाणी धरून ठेवतात. कुबट वास, बुरशी आणि पत्र्याचा गंज तिथूनच सुरू होतो. वायरिंगचे जोड आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी तिथेच असल्याने सीट काढण्याआधी बॅटरी सोडवावी. नमदा बाहेर काढून उन्हात उलटसुलट वाळवावा. तो परत घालण्यापूर्वी त्यावर वर्तमानपत्राचा कागद हाताने दाबून धरावा. कागद दमट झाला तर अजून एक दिवस थांबावे.