वाळ्याच्या ताटीपासून स्प्लिट एसीपर्यंत : बऱ्हाणपूरचं ऊन आणि मुंबईचा घाम

आपल्या जुन्या घरांच्या आठवणींची मालिका चालू आहे. वाडे झाले, विहिरी झाल्या, लग्नं झाली. आज जरा वेगळा विषय घेतो : आपण घरं गार कशी ठेवत आलो. विषय साधा वाटेल, पण आता जवळजवळ प्रत्येक घरात एकच प्रश्न आहे. आई-वडील इकडे लोधीपुऱ्यात किंवा गावात, मुलं तिकडे ठाणे-डोंबिवली-वाशीला. उन्हाळा आला की फोनवर तेच : "बाबा, एसी बसवून घ्या," आणि इकडून : "अरे, कूलर घे, एवढं बिल कशाला भरतोस?" दोन्ही सल्ले प्रेमाचे, आणि बऱ्याचदा दोन्ही चुकीचे. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपलं बऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचं जुनं खानदेश. फारुकी सुलतानांची राजधानी, मग १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांचा खानदेश सुभा. इथलं मे महिन्याचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. पारा ४२-४४ ला, वारा भट्टीतून आल्यासारखा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही हवा कोरडी असते. ओलं धोतर दोरीवर टाकलं की अर्ध्या तासात कडक वाळतं. आपल्या पूर्वजांचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं होतं.

पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. मातीतून झिरपलेलं पाणी बाहेर वाळतं आणि आतलं थंड करतं. हीच युक्ती मोगलांनी घराला लावली. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या लावून त्यावर पाणी शिंपडण्याचं वर्णन आहे. उन्हाळ्यात आत हिवाळा होतो अशा अर्थाचं. पाणी गार करायला सोरा वापरत, तेही त्यात आहे. आपल्या जवळचाच गुलारा महाल पाहा. उतावळी नदीवर बांध घातला, समोरासमोर दोन महाल बांधले, मधून पाणी कोसळतं. शहाजहानच्या काळातलं हे बांधकाम. नक्षी काम सोडा, पण उन्हाळ्यात कोसळणाऱ्या पाण्याशेजारी बसायची जागा निवडली, याच्यात हिशोब आहे. १६१५ चा कुंडी भंडारा पाहायला खाली उतरलेल्यांना माहीत आहे, वर रखरखीत ऊन आणि खाली गारवा.

सामान्य माणसाकडे महाल नव्हता, धाबं होतं. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचा थर. दिवसभर भिंत उन्हाशी झुंजायची, उष्णता आत येईपर्यंत संध्याकाळ व्हायची. तोवर दारं-खिडक्या उघडायच्या आणि रात्री सगळे धाब्यावर झोपायला. ओसरी सारवलेली, माठ ओल्या फडक्यात गुंडाळलेला, खिडकीला वाळ्याचा पडदा. वीज नव्हती तेव्हाही दुपार निघायची. सुखाची नव्हे, पण निघायची.

आता समुद्राकडे चला. कोकण आणि मुंबईचं शास्त्र याच्या उलट. तिथे हवेतच इतकं पाणी की घाम वाळत नाही, धोतर वाळत नाही, माठाचं पाणीही फार गार होत नाही. म्हणून तिथे जाड मातीच्या भिंतीत कोंडून घेणं नव्हतंच. उतरती कौलं, पडवी, समोरासमोर दारं, वर झरोके. गरज होती वाहत्या वाऱ्याची. शाळेत आपण भूगोलात पाठ केलं ना, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे? कोकणातलं घर त्या वाऱ्यांची वाट मोकळी ठेवून बांधलेलं. मुंबईच्या चाळीतली लांब गॅलरी आणि समोरासमोरची दारं हेही तेच. शेजारी काय शिजतंय ते कळायचं, पण वारा पण यायचा.

मुंबईच्या श्रीमंतांनी बर्फ आणून पाहिला. अमेरिकेतल्या बोस्टनहून १८३३ मध्ये बर्फाचं जहाज कलकत्त्याला पोचलं. निघताना १८० टन, पोचताना साधारण १०० टन उरला. पुढच्या वर्षी मुंबईलाही असा बर्फ आला. या बर्फाच्या व्यापाराची एक खूण आपल्या घरात आजही आहे. एसी 'एक टनाचा' 'दीड टनाचा' म्हणतो, ते मशिनचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारा तो एक टनाचा. दुकानदाराला विचारून बघा, दहापैकी नऊ जण सांगू शकणार नाहीत.

आणि खरा एसी कशासाठी जन्मला? माणसासाठी नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने हवा थंड नळ्यांवरून फिरवून तिच्यातला ओलावा काढला. थंडावा हा सोबत आलेला फायदा. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरणीच्या इंजिनियरने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द वापरला. त्याचं काम उलट होतं, गिरणीतल्या हवेला ओलावा द्यायचं, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. कागद आणि सूत! आपल्या जिल्ह्यात नेपानगरला कागद आणि बऱ्हाणपुरात गिरणी आणि पॉवरलूम. म्हणजे ज्या दोन धंद्यांपोटी एसीचं नाव आणि काम जन्मलं, ते दोन्ही आपल्या अंगणातले. गिरणीत काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा, आत ओली हवा का ठेवत ते सांगतील.

मुंबईत लोकांना एसी प्रथम सिनेमाने दाखवला. कुलाब्याचं रीगल १९३३ मध्ये वातानुकूलित सुरू झालं. लोक सिनेमा बघायला जायचे की गारव्याला, हा प्रश्नच आहे. घरात एसी यायला मात्र खूप वर्षं गेली. तो ऐषारामाचा माल, त्यावर कर जबर, आणि वीज कमी.

आमच्या बँकेतही एसी माणसांसाठी आला नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशिनं आली, तेव्हा त्यांच्यासाठी काचेची केबिन झाली आणि तिला एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. काउंटरवर आम्ही ३० वर्षं पंख्याखाली नोटा मोजल्या, पेपरवेट ठेवून. मशिन मात्र दोन दिवसही गरमीत राहू शकत नव्हतं. मे महिन्यात चौकशीच्या निमित्ताने त्या केबिनच्या दाराशी रेंगाळणारे ग्राहक अजून आठवतात.

घरात आला तो कूलर. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाणी, एक पंप, एक पंखा. खिडकीत लोखंडी घोडीवर बसवायचा. मोगलांची वाळ्याची ताटीच ती, फक्त पंखा लावलेली. गावातल्या पत्रेवाल्यांनी ते हजारो बनवले. बाप्यांनी सकाळी टाकी भरायची, मुलांनी जाळीवर पाणी टाकायचं, आणि ओल्या हाताने पत्र्याला हात लावायचा नाही ही सूचना, कारण अर्थिंग धड नसायचं. वीज जाणं रोजचं होतं. २००३ च्या मध्य प्रदेशातल्या निवडणुकीत बिजली-सडक-पानी हाच विषय होता, विसरलात का?

आता त्या फोनवरच्या भांडणाकडे येऊ. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी वाळवून हवा फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर ती २७ च्या आसपास आणून देतो. हे आपलं मे महिन्यातलं बऱ्हाणपूर. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर हीच मर्यादा २९ च्या वर जाते. कूलरने कितीही पाणी पाजलं तरी चार अंशसुद्धा उतरत नाहीत, आणि खोली ओलीचिंब होते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीला गेले, हौसेने आपला कूलर टेम्पोत घालून. आठवड्यात भिंतीला बुरशी, पापड सादळले, सुनेचं तोंड वाकडं. कूलर बिचारा निर्दोष होता, त्याला चुकीच्या गावी नेला होता. आपल्याकडेही पहिला पाऊस झाला की कूलर चिकचिक करतो, तो याच कारणाने.

मुंबईकरांना म्हणून एसीच लागतो. तो हवेतलं पाणी काढतो. पावसाळ्यात बाहेर ठेवलेली बादली भरते, ते हेच पाणी. पण समुद्राकाठी त्याचं आयुष्य कमी. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची अॅल्युमिनियमची जाळी झिजते, नळीच्या सांध्याला गंज चढतो, गॅस सुटतो. लोखंडी घोडी कुजली तर युनिट खाली कोसळण्याचा धोका वेगळा. म्हणून तिथे तांब्याची कॉइल, त्यावर गंजरोधक लेप, आणि वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुणं. बसवताना पाण्याची नळी उतारावर, तारा जाड, वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. घाईचा कारागीर तो वगळतो आणि नळ्यांत हवा-ओलावा राहून मशिन बिघडतं. जुना बदलताना लक्षात ठेवा : १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला धोका म्हणून आर-२२ गॅस हळूहळू बाद झाला. नवीन मशिनं बहुतेक आर-३२ ची. जुन्या आर-२२ मशिनमध्ये हा गॅस कुणी भरायला आला तर भरू देऊ नका, तो थोडा ज्वलनशील असतो. जुन्या नळ्या तशाच नव्याला जोडू नयेत.

आणि आपल्या बऱ्हाणपूरकरांना? जाड भिंतीचं घर अजून उभं असेल तर मे महिन्यात कूलर आणि वाळ्याची ताटी पुरेशी. पण किती जणांकडे ते राहिलं? आता वर आरसीसीचा स्लॅब, नऊ इंची भिंत, खिडकीला काच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता खाली सोडतो, आणि धाब्यावर झोपायची पद्धत गेली. अशा घरात म्हाताऱ्या माणसांसाठी एका तरी खोलीत एसी असावा, हे मी आता बिलाचा माणूस असूनही सांगतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत १३४४ जास्तीचे मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. ते गावही कोरडंच, आणि तिथे कूलर होतेच की.

हिशोबाची चिंता असेल तर एसी २४ ला ठेवा. २०२० पासून सरकारनेच ती मूळ सेटिंग ठरवली आहे. स्टार बघून घ्या. तीन-चार महिने वापरायचा असेल तर तीन स्टार चालतो, मुंबईला दहा महिने चालतो म्हणून पाच स्टार. जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे. स्लॅबवर पांढरा चुना मारा, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावा, मग लहान टनाचा एसीही पुरतो.

तर मंडळी, फोनवर सल्ला देण्याआधी एवढं विचारा : तिकडे ओला टॉवेल किती वेळात वाळतो? उत्तरावरून मशिन ठरवा. आणि तुमच्या घरी पहिला कूलर किंवा एसी कधी आला, वाळ्याचे पडदे कोण विणायचं, धाब्यावर कोण कुठे झोपायचं, ते जरूर लिहा. ती माणसं आता थोडी राहिली आहेत, त्यांना विचारून घ्या.