ब्राउझरचे फसलेले अपग्रेड : निदान व दुरुस्ती

वेब ब्राउझरची नवी आवृत्ती बसवताना काम मध्येच तुटले, किंवा ते पूर्ण झाल्याचा संदेश येऊनही ब्राउझर अथवा संगणकातील दुसरे काही नीट चालेनासे झाले, तर त्या बिघाडाचे मूळ शोधून तो दूर करण्याची पद्धत. अशा प्रसंगी दोष बहुधा एकट्या नव्या आवृत्तीचा नसतो. जुन्या व नव्या फाइली, रजिस्ट्रीतील नोंदी आणि वापरकर्त्याची साठलेली माहिती यांची सरमिसळ झालेली असते. म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी अपग्रेड नेमके कोठवर पोचले होते ते पाहावे. ‘फॉरमॅट मारा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला क्वचितच आवश्यक ठरतो. त्याने बिघाड जातो, पण बिघाडाचे कारणही पुसले जाते.

प्रस्तुत नोंदीत विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररचा विचार विस्ताराने केला आहे. या जोडीइतके गुंतागुंतीचे बिघाड अन्य ब्राउझरांत फारसे आढळत नाहीत, आणि या जोडीविषयीचे तांत्रिक साहित्यही विपुल आहे.

पार्श्वभूमी : इंटरनेट एक्सप्लोरर ४ (१९९७) पासून हा ब्राउझर विंडोजच्या अंगात मुरत गेला. वेबपान रेखाटणारे त्याचे इंजिन, म्हणजे ‘एमएसएचटीएमएल’ ही डीएलएल फाइल, आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रे आणि विंडोजची मदत-पाने दाखवण्यासाठीही वापरले जाई. ब्राउझर विंडोजपासून वेगळा काढता येतो की नाही, हा अमेरिकेच्या न्याय खात्याने व अनेक राज्यांनी १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध लावलेल्या खटल्यातील वादाचा एक मुद्दा होता. तो काढल्यास विंडोजला इजा होते असे कंपनीचे म्हणणे होते. सरकारपक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार एडवर्ड फेल्टन यांनी तो काढणारा प्रोग्रॅम न्यायालयापुढे मांडला. या वादाचा निवाडा येथे अप्रस्तुत आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की डेस्कटॉपवरील निळ्या ‘ई’चे चिन्ह काढले तरी इंजिन जागेवर राहते, आणि अपग्रेड करताना हे इंजिनच बदलले जाते.

आवृत्ती ६ ही एक्सपीसोबत २००१ मध्ये आली. आवृत्ती ७ ऑक्टोबर २००६ मध्ये व आवृत्ती ८ मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आवृत्ती ९ (२०११) एक्सपीवर चालत नाही. त्यामुळे एक्सपीधारकांचा प्रवास ८ वर थांबला.

अपग्रेड अपुरे राहणे : आवृत्ती ७ साठी एक्सपीवर सर्व्हिस पॅक २ असणे आवश्यक होते. शिवाय विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही याची तपासणी होई. ही अट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००७ मध्ये काढून टाकली. तोवर पायरेटेड प्रतींवर अपग्रेड उंबरठ्यावरच अडे, आणि या अडण्याला ‘व्हायरस’ म्हणण्याची रीत होती.

तपासणी पार करूनही काम मोडले, तर पुरावा ‘विंडोज’ फोल्डरात सापडतो. आवृत्ती ७ साठी तेथे ‘आयई७’ नावाची लॉग फाइल, आवृत्ती ८ साठी ‘आयई८’ व ‘आयई८_मेन’ अशा दोन लॉग फाइली तयार होतात. नोटपॅडमध्ये उघडून त्या शेवटून वर वाचाव्यात. ‘परवानगी नाकारली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर रजिस्ट्रीतील एखाद्या नोंदीवर लिहिण्याचा अधिकार स्थापना-प्रोग्रॅमला मिळाला नाही, असे समजावे. हा प्रोग्रॅम रजिस्ट्रीत फार मोठ्या संख्येने नोंदी करतो. त्यांतील एक जरी अडली तरी तो केलेले सगळे उलटवून मागे फिरतो. खुद्द अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनही असे घडते, कारण एखाद्या सुरक्षा-प्रोग्रॅमने वा जुन्या मालवेअरने त्या नोंदीवरील हक्क बदलून ठेवलेले असतात. हक्क पूर्ववत करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘सबइनएसीएल’ हे साधन वापरले जाई. ते कमांड ओळीवरून चालते व चुकीच्या आज्ञेने मोठे नुकसान करू शकते. त्यामुळे आधी ‘सिस्टिम रिस्टोर’चा टप्पा करून ठेवणे श्रेयस्कर.

अपग्रेडच्या वेळी अँटिव्हायरस बंद ठेवावा काय, याबाबत एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांत तो तात्पुरता बंद करण्यास सांगितले होते. इंटरनेट चालू असताना तसे करू नये असे मानणारेही आहेत. स्थापना-फाइल आधी डाउनलोड करून, नेटची वायर काढून मग अँटिव्हायरस थांबवणे हा व्यवहारातला तोडगा होय.

अपग्रेडनंतरचे बिघाड : हा विषय सर्वाधिक रोचक आहे. यात लक्षण एका ठिकाणी आणि कारण दुसऱ्याच ठिकाणी असते.

आवृत्ती ८ नंतर आढळणारी एक नेहमीची तक्रार अशी : पहिली खिडकी उघडते, पण नवा टॅब कोरा राहतो किंवा दुव्यावर क्लिक केल्यास काहीच होत नाही. या आवृत्तीत बाहेरची चौकट व आतले टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची रचना आली. दोन प्रोसेसनी एकमेकींशी बोलण्यासाठी मध्यस्थ लागतो. ते काम ‘अ‍ॅक्टएक्सपीआरएक्सवाय’ ही डीएलएल करते. रजिस्ट्रीत तिची नोंद बिघडली असेल तर चौकट टॅबला हाक मारते आणि ती पोचतच नाही. ‘रन’मध्ये ‘रेगएसव्हीआर३२’ ही आज्ञा व पुढे त्या डीएलएलचे नाव देऊन नोंद पुन्हा केली, संगणक रीस्टार्ट केला, की बहुतेकदा काम भागते. जावास्क्रिप्टवर चालणारी पाने अर्धवट दिसत असल्यास ‘जेस्क्रिप्ट’ डीएलएलला हाच उपचार करतात.

दुसरा बिघाड त्याहून विचित्र. नवी आवृत्ती नको म्हणून वापरकर्ता कंट्रोल पॅनेलमधील ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ उघडतो, तर ती खिडकीच कोरी. एक्सपीतील ही खिडकी स्वतः ‘एमएसएचटीएमएल’ इंजिनाने रेखाटली जाते. म्हणजे जे काढायचे तेच काढण्याची खिडकी दाखवते. अशा वेळी ‘एमएसएचटीएमएल’ व ‘जेस्क्रिप्ट’ यांची नोंदणी पुन्हा करावी, किंवा खिडकीचा नाद सोडून पुढे दिलेला मार्ग धरावा.

ब्राउझर उघडतो पण एकही पान येत नाही, असे असल्यास फायरवॉल पाहावी. अनेक फायरवॉल प्रोग्रॅमच्या नावाबरोबर फाइलची ओळखही तपासतात. फाइल बदलली की जुनी परवानगी रद्द होते; विचारणेची खिडकी वापरकर्त्याने घाईत ‘नाही’ म्हणून बंद केलेली असते. जुनी नोंद पुसून नवी परवानगी दिल्यास ब्राउझर चालू होतो. सर्वच प्रोग्रॅमांचे नेट बंद असेल तर ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा (सर्व्हिस पॅक २ पासून उपलब्ध) उपयोगी पडते.

ब्राउझर उघडताच बंद पडत असेल तर दोष बहुधा जुन्या टूलबारांचा. ‘नो अ‍ॅड-ऑन्स’ प्रकाराने तो सुरू करून पाहणे ही चाचणी मिनिटभरात होते आणि तरीही शेवटी केली जाते. आवृत्ती ७ पासून सर्व मांडणी मूळपदावर आणणारे ‘रीसेट’चे बटणही ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये आले.

अशा बिघाडांत रजिस्ट्रीतील निरुपयोगी नोंदी पुसणाऱ्या ‘रजिस्ट्री क्लीनर’ प्रोग्रॅमांच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत.

मागील आवृत्तीकडे परतणे : अपग्रेड होताना जुन्या फाइली ‘विंडोज’ फोल्डरातील ‘आयई७’ किंवा ‘आयई८’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जपल्या जातात. त्यातील ‘एसपीअनइन्स्ट’ उपफोल्डरातून त्याच नावाचा प्रोग्रॅम चालवला की आधीची आवृत्ती परत येते; कंट्रोल पॅनेलची गरज पडत नाही. जागा मोकळी करण्याच्या नादात हे फोल्डर उडवले असतील तर परतीचा रस्ता बंद होतो. दुसरी अडचण क्रमाची आहे. आधी आवृत्ती ७ व नंतर सर्व्हिस पॅक ३ (२००८) बसवला असेल, तर आवृत्ती ७ काढण्याचा पर्याय मिळत नाही. प्रथम सर्व्हिस पॅक ३ काढावा लागतो. आवृत्ती ८ लाही हाच नियम लागू आहे.

फायरफॉक्स : यात प्रोग्रॅम एका फोल्डरात व बुकमार्क, पासवर्ड, इतिहास ‘प्रोफाइल’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात असतात. ही विभागणी दुरुस्तीला फार सोयीची आहे. अपग्रेड अर्धवट झाल्यास ‘एक्सपीकॉम लोड होत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. तेव्हा प्रोग्रॅमचा फोल्डर पूर्ण पुसून नवा बसवावा. प्रोफाइलला हात लावू नये. जुन्या फोल्डरावरच पुन्हा स्थापना केल्यास सरमिसळ टिकून राहण्याची शक्यता असते. आवृत्ती ५७ (नोव्हेंबर २०१७) ने जुन्या पद्धतीची सर्व एक्स्टेन्शन बंद केली. आवृत्ती ६७ (मे २०१९) पासून नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडण्यास अटकाव होतो. म्हणून मागे जाण्याचा विचार असेल तर अपग्रेडपूर्वीच प्रोफाइलची प्रत काढून ठेवावी.

क्रोम : विंडोजवर नवी आवृत्ती शेजारी उतरवून ठेवली जाते व ब्राउझर पुन्हा सुरू होताना जागा घेते, त्यामुळे अपग्रेड अर्धवट राहण्याचे प्रसंग कमी. मात्र अपग्रेड पूर्ण होऊनही बिघाड झाल्याचे उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०१९ मधील आवृत्ती ७८. तिने पान चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये परका कोड शिरण्यास बंदी घातली आणि सिमॅन्टेक एंडपॉइंट प्रोटेक्शनच्या काही जुन्या आवृत्त्या असलेल्या संगणकांवर प्रत्येक पान कोसळू लागले.

भारतीय कार्यालये : महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या ई-निविदा व्यवस्थांत डिजिटल सहीसाठी जावा अ‍ॅप्लेट वापरले जाई. क्रोमने आवृत्ती ४५ (२०१५) मध्ये व फायरफॉक्सने आवृत्ती ५२ (२०१७) मध्ये जावाला लागणारी प्लगइन-व्यवस्था काढून टाकली. येथे अपग्रेड तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होते, परंतु निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराच्या लेखी ब्राउझर ‘बिघडलेला’ असे. उपाय म्हणून एका संगणकावर आपोआप होणारे अपडेट बंद करून जुनी आवृत्ती राखली जाई. सुरक्षेच्या दृष्टीने हे अयोग्य असले तरी निविदेच्या मुदतीपुढे ते चालवून घेतले गेले.

लिनक्स : चालू असताना पॅकेज बदलल्यास फायरफॉक्स पुन्हा सुरू करण्याची सूचना देतो.

मॅकओएस : सफारी बहुधा प्रणालीच्या अपडेटसोबत येते.